रत्नागिरी ते रत्नागिरी, मार्गे कोल्हापूर

नागपूर आणि कोल्हापूर या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे सातशे किलोमीटर आहे आणि तेवढं उडायला विमानाला साधारण दीड तास लागतो. ही माहिती मला तोंडपाठ आहे. तिचा मला आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही.

खरं तर व्हायला हवा होता, कारण प्रश्न देवाला दिलेल्या शब्दाचा होता. आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या पुलापलीकडच्या एका वाडीत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, अंगणात नाचते, ओटी भरून घेते आणि पुढच्या घरी जाते. गेल्या वर्षी पालखी आमच्या अंगणात असताना माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, भर गर्दीत जाहीर करून टाकलं, "पुढल्या शिमग्याला माझे दोन्ही मुलगे देवाला खांद्यावर घेऊन नाचवतील." पालखीचे मानकरी तात्या गावकरांनी लगेच देवापुढे त्याचं गाऱ्हाणं घातलं, सगळी वाडी एका सुरात "व्हय महाराजा!" म्हणाली आणि विषय आमच्या हातातून गेला.

दोन मुलांपैकी थोरले म्हणजे आमचे हे. ते घरीच असतात (घरी म्हणजे बहुतेक वेळ पडवीतल्या आरामखुर्चीत). धाकटे विलासभावजी नागपूरला नोकरीला. त्यांना शिमग्याची रजा कधी मिळायचीच नाही. या वर्षी मिळाली, पण फक्त दोन दिवस!

"दोन दिवसांत नागपूरहून येऊन परत जाणार?" हे म्हणाले. "त्याचा शिमगा गाडीतच होईल."

"म्हणूनच विमान," मी म्हटलं.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. परीक्षेची बैठकव्यवस्था, सहलीच्या बस, निरोपसमारंभातले सामोसे, सगळं माझ्या यादीप्रमाणे चालतं. घरी फ्रीजवर माझ्या याद्या इतक्या असतात की फ्रीजचा मूळ रंग पाहुण्यांना सांगावा लागतो. तेव्हा हे काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. एका संकेतस्थळावर कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ कळतो. तिथेच मला तो दीड तास सापडला. हुरूप येऊन मी कोल्हापूर ते रत्नागिरी हेही टाकून बघितलं. उत्तर आलं, अर्ध्या तासाच्या आसपास!

"रत्नागिरीला कुठे विमान येतं?" हे म्हणाले. "आपल्या विमानतळावरून अजून माणसं उडत नाहीत."

"मी कुठे म्हणतेय येतं म्हणून? आलं तर अर्धा तास लागेल, एवढंच."

"मग विलासला सांग, वरून जाताना उडी मार."

असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. अजून पालखीची वेळ ठरायची होती. मी तात्या गावकरांना गाठलं.

"तात्या, उद्या पालखी आमच्याकडे किती वाजता?"

"येईल की."

"येईल हो, पण किती वाजता?"

"देव येईल तेव्हा!"

अशा उत्तरावर यादी होत नाही. मग मी त्याच दिवशी स्वतःच पालखीच्या मागे फिरले आणि मोबाईलवर वेळ लावून मोजलं. एका घरी सरासरी पंचवीस मिनिटं (अंगण मोठं असेल तर जास्त, चहा चांगला असेल तर त्याहून जास्त). आमच्या आधी किती घरं आहेत ते माहीत होतं. गुणाकार केला. रात्रीचे आठ! विमान कोल्हापूरला दुपारी बाराच्या आत उतरणार, आंबा घाट उतरून आम्ही पाचपर्यंत घरी, म्हणजे तीन तास शिल्लक. ते तीन तास मी यादीत हिरव्या पेनाने लिहिले. मला ते फार आवडले होते.

भावजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही कशाला एवढ्या लांब येताय? मी कोल्हापूरहून एसटीने येतो ना!"

"एसटीचा काय भरवसा? घाटात बंद पडली म्हणजे? तुम्ही फक्त विमानात बसा. पुढचं माझ्यावर सोडा."

"बरं," भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मला तेव्हा कृतज्ञता वाटली होती. आता वाटतं, ती काळजी होती.

निघायच्या दिवशी पहाटे आई लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात तयार.

"आई, तुम्ही कुठे?"

"विमान बघायला. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली मला, एकदा पण जवळनं नाय बघितलं."

त्यामुळे घरात कोणीच उरलं नाही. मी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. शेजारच्या सुलूकाकी सडा घालत होत्या. म्हणाल्या, "किल्ली ठेवून जा गो माझ्याकडे. शिमग्याचा दिवस, कोण आला-गेला तर?"

"कोण येणार, काकी? आम्ही संध्याकाळी परत. तीन तास शिल्लक ठेवलेत!"

काकींनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्या फक्त पहिल्यांदा पोहायला निघालेल्या माणसाकडे पाहतात.

साखरप्याच्या पुढे घाट लागला आणि मोबाईलची रेंज गेली. याचं मला काही वाटलं नाही. घाटात रेंज जाते, हे यादीत होतं. आई एकदा आंब्यावर उतरल्या आणि "थंड वाटतंय" म्हणून पुन्हा बसल्या. ह्यांनी मलकापूरला वडा-पाव खाल्ला. तरी आम्ही विमानतळावर वेळेच्या आधी पोचलो. मी विजयी मुद्रेने आत गेले आणि फलकाकडे बघितलं.

नागपूरच्या विमानासमोर लिहिलं होतं: रद्द.

मी दोनदा वाचलं. मग ह्यांना वाचायला लावलं. त्यांनीही तेच वाचलं.

भावजींना फोन लावला. बंद! खिडकीतल्या मुलीला विचारलं.

"मॅडम, तांत्रिक कारणाने विमान रद्द झालंय. प्रवाशांना दुसऱ्या विमानांत जागा दिलीय."

"कुठल्या विमानात?"

"ज्याला जशी हवी तशी."

"अहो, आमच्या भावजींना कुठली हवी होती?"

"ते तुमच्या भावजींनाच माहीत, मॅडम," ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

यानंतर मी विमानतळाच्या दारापुढे येरझाऱ्या घालायला लागले. बाकावर बसायचं, उठायचं, फोन लावायचा, "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकायचं, पुन्हा बसायचं. एकदा तर सुरक्षारक्षकाने मला विचारलं, "कुठं जायचंय, ताई?" आणि मी पर्समधून यादी काढून बघायला लागले. हे गाडीची सीट मागे टाकून झोपले. आई मात्र कुंपणाशी खुर्ची मागवून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, "विमान कदी येनार?"

हिरव्या पेनाच्या तीन तासांतले दोन त्या बाकावरच संपले तेव्हा भावजींचा फोन आला.

"वहिनी! मी गोव्यात!"

"गोव्यात?"

"कोल्हापूरचं रद्द झालं ना! गोव्याचं सुटायच्या बेतात होतं, पळत जाऊन बसलो. फोन बंद करायच्या आधी तुम्हाला निरोप पाठवला की मी गोव्याहून रेल्वेने येतो, तुम्ही घरीच थांबा म्हणून. आता गाडीत बसलोय, खिडकी मिळालीय. तुम्ही घरीच आहात ना?"

मी विमानतळाच्या पाटीकडे बघितलं.

"वहिनी?"

"घरी म्हणजे... तसे बाहेर आहोत जरा," मी म्हटलं. तो निरोप पुढच्याच मिनिटाला फोनवर येऊन पडला. घाटात अडकला होता बिचारा!

मी ह्यांना हलवून उठवलं. "निघा! भावजी आपल्या आधी घरी पोचणार!"

"मी नाय निघायची," कुंपणापासून आवाज आला. "एवढी आली आहे तर एक तरी विमान बघून जाईन."

"आई, पालखी आहे घरी!"

"आठ वाजता आहे. तूच बोल्लीस."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर! पुढचं विमान कुठल्या गावचं होतं कोण जाणे, पण ते उतरेपर्यंत आम्ही तिघं कुंपणाला टेकून उभे होतो. ते आलं, टेकलं, धावलं, थांबलं. आईंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "इवलंसं तर आहे. चला."

मलकापूरच्या अलीकडे सुलूकाकींचा फोन आला. मागे ढोल वाजत होता.

"अगो, कुठं आहेस? पालखी बापूंच्या अंगणात आली!"

बापूंचं घर म्हणजे आमच्या आधी तीनच घरं. मी घड्याळ बघितलं. साडेचार!

"काकी, अशी कशी आली? माझ्या हिशोबाने आठ..."

"पलीकडल्या भावकीला सुतक पडलं गो! त्यांची ती मुंबईची म्हातारी चुलती काल रात्री गेली. सुतकाच्या घरात पालखी जाते काय? ती सगळी घरं सोडून देव थेट इकडे!"

मी सगळं मोजलं होतं. अंगणं, चहा, नाचणाऱ्यांचा दम, तात्यांच्या गाऱ्हाण्याची लांबी. मुंबईतल्या एका म्हातारीची तब्येत तेवढी मोजायची राहिली होती.

"गाडी पळवा!" मी ओरडले. ह्यांनी पळवली. पहिल्याच वळणावर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर! गाणी लावलेला! आम्ही त्याच्या मागे अशा चालीने निघालो की त्यापेक्षा पालखी परवडली. मी सीटवर पुढे सरकून बसले होते (त्याने गाडीचा वेग वाढत नाही हे मला माहीत आहे). आई मागून म्हणाल्या, "विमानानेच जायला पायजे होतं. तूच बोल्लीस ना, अर्धा तास."

घाटाच्या तोंडाशी भावजींचा फोन.

"वहिनी, मी पोचलो! घराला कुलूप आहे. किल्ली कुठेय?"

"माझ्या पर्समध्ये."

"पर्स कुठेय?"

"आंबा घाटात!"

भावजी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पालखी शेजारी आलीय. ओटीचं सामान, नारळ, तांदूळ, सगळं आत आहे. आणि दादा नाही, आई नाही. मी एकटा देवाला काय तोंड दाखवू?"

त्यांचा आवाज खरंच रडवेला झाला होता. मी मागे वळून बघितलं. आईंनी सगळं ऐकलं होतं. त्या नुसती पिशवी छातीशी धरून बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच मला त्यांच्या टोमण्याची वाट बघावीशी वाटली.

आणि रेंज गेली.

आम्ही घाटात असताना घरी नक्की काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. सुलूकाकी म्हणाल्या, "कौलं काढ नि उतर आत!" भावजी लहानपणी कैऱ्यांसाठी कौलांवर चढायचे. मधल्या काळात नागपूरने त्यांचं वजन बरंच वाढवलं होतं, हे कौलांना कोणी सांगितलं नव्हतं. शिडी लावली, कौलं काढली, भावजींनी एक पाय आत टाकला, कौलांखालची रीप मोडली आणि भावजी सगळ्या वाडीदेखत घरात गेले. ते माळ्यावर पडले, ते नेमके मी महिन्यावार बांधून ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांवर. साधं खरचटलंसुद्धा नाही! (माझ्या नियोजनाचा त्या दिवसातला एवढाच उपयोग.) मग त्यांनी आतून मागचं दार उघडलं.

घाट उतरून साखरप्याला आलो तर लगेच फोन वाजला.

"वहिनी, आत आलोय. देवघरात ओटीचं ताट आहे, पण त्यावर तुमची चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'. लावू का?"

"लावा हो, लावा!"

"आणि तात्या म्हणतायत, पालखी अंगणात आलीय, पण फार वेळ थांबवता येणार नाही. पुढची घरं आहेत."

तेवढ्यात मागून आईंचा हात पुढे आला. "दे तो फोन. मोठ्याने बोलतो तसा कर."

मी स्पीकर लावून फोन दिला. आईंनी डोक्यावर पदर घेतला, गाडीतल्या गाडीत हात जोडले (फोन दोन तळव्यांच्या मध्ये) आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"देवा महाराजा! तुझी लेक साखरप्याच्या नाक्यावर आहे, महाराजा!"

फोनमधून आमच्या अंगणातल्या पन्नास-साठ जणांचा आवाज आला, "व्हय महाराजा!"

"गेल्या साली शब्द दिलेला, तो विसरली नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"सुनेच्या डोक्यात हिशोब शिरला नि आम्ही विमानाच्या वाटेला लागलो. तिची चूक पोटात घाल, महाराजा!"

"व्हय महाराजा!" हा आवाज आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता. त्यात सुलूकाकींचा मला वेगळा ओळखू आला. आमचे हे स्टिअरिंग सोडून हात जोडायला निघाले होते, त्यांना मी आवरलं.

"दोगं पोरं एकत्र खांदा लावतील. तोपर्यंत माझ्या अंगणात बस, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मग तात्या गावकरांचा आवाज आला. "बाय, देवाने ऐकलं. पण माणसांना चहा लागेल."

"सुलू, चहा टाक!" आई गरजल्या. "नि भजी पण!"

भज्यांचं पीठ माझ्या स्वयंपाकघरातलं होतं. डब्यांना लेबलं लावलेली असल्यामुळे सुलूकाकींना सगळं पटापट सापडलं, असं त्या नंतर आवर्जून म्हणाल्या. देव आमच्या अंगणात पाटावर बसला आणि वाडी आमच्या पडवीत भजी खात बसली.

पालीनंतरच्या रस्त्याच्या कामांनी, वळवलेल्या वाटांनी आणि हातखंब्याच्या गर्दीने आमची उरलीसुरली परीक्षा बघितली. मी प्रत्येक दगडाला "आला का भाट्याचा पूल?" असं विचारत होते. शेवटी तो आला. दिवे लागले होते. वाडीच्या पायथ्याशी पोचलो आणि वरून ढोल ऐकू आला. पालखी तिथेच होती!

ह्यांनी गाडी अर्ध्या गल्लीत सोडली आणि ते पळाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी ह्यांना पळताना प्रथमच पाहिलं. आईंचे गुडघे जांभ्याच्या पायऱ्या चढायला नकार देतात, म्हणून वरून चौघं जण प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आले आणि आईंना बसवून उचलून घेऊन गेले. त्यांची वेगळीच पालखी निघाली. जाताना त्या ओरडल्या, "किल्ली घेऊन ये गो!"

मीही निघणार, तेवढ्यात मागून एका टेम्पोने हॉर्न दिला. त्यात पुढच्या घराचा मंडप होता. गल्लीत आमची गाडी आडवी, दार उघडं, चालक पालखीखाली! मी गाडीत बसले. पुढे मोटारसायकलींची रांग, मागे टेम्पो. रिव्हर्स मला येतो, पण फक्त शाळेच्या मैदानावर. "घ्या ताई, घ्या! नाय, नाय, थांबा! दुसरीकडे घ्या!" असं टेम्पोवाल्याने मला पार पुलापर्यंत मागे नेलं.

वरून ढोलाचा आवाज वाढला, मग एकदम शिगेला पोचला, मग "व्हय महाराजा!" झालं. मी खाली, स्टिअरिंग धरून, आरशात टेम्पोचे दिवे बघत.

धापा टाकत वर पोचले तेव्हा पालखी पुढच्या घरी गेली होती. अंगणभर गुलाल पडला होता. दोघे भाऊ पायरीवर खांदे चोळत बसले होते, लहान मुलांसारखे हसत होते. आई खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. "पुढे विलू, मागे हा," त्या मला सांगायला लागल्या. "बाप असता तर..."

मी पर्समधून किल्ली काढली. मागचं दार सताड उघडं होतं. कुलूप तेवढं पुढच्या दाराला अजून लटकत होतं, मी सकाळी लावलेलं, एकदम पक्कं. छपराच्या भोकातून चांदणं माझ्या रद्दीवर पडलं होतं.

सुलूकाकींनी माझ्या हातात गार झालेली दोन भजी ठेवली. मी ती खाता खाता मोबाईल उघडला आणि दिवसाचा हिशोब केला. नागपूर ते रत्नागिरी: विमान रद्द होऊन, गोव्याहून रेल्वेने, कौलांतून उतरून, पालखी नाचवून, भावजी वेळेवर. रत्नागिरी ते रत्नागिरी: हवाई अंतर शून्य, प्रवासाचा वेळ तेरा तास आणि पालखी हुकली!

दुसऱ्या दिवशी भावजींना रेल्वे स्थानकावर सोडायला निघालो तेव्हा हे म्हणाले, "पुढच्या शिमग्याला पण ये रे. आणायला कोणी यायचं?"

आई पडवीतून म्हणाल्या, "कोण पण जा. फक्त हिला घरात ठेवून बाहेरनं कुलूप लावा, नि किल्ली सुलूकडे द्या."

मी ते लगेच पुढच्या वर्षीच्या यादीत लिहून घेतलं. हिरव्या पेनाने.